घाई

उमरेडच्या खाणीत दुपारी दोनला भोंगा व्हायचा.
आई दूध चुलीवरून उतरवून ठेवायची,
मी मांडणीतल्या काचेच्या बरण्या धरून उभी.
आधी दिसायची धूळ, उंच, गेरूच्या रंगाची,
मग पायाखालून काहीतरी सरपटत जायचं,
आणि सगळ्यात शेवटी आवाज,
वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा.
धुळीपासून आवाजापर्यंत मी मोजायचे.
पाच आकडे म्हणजे सतराशे मीटर.
तेवढ्या अंतरावर माझा बाप.

डोमाजी शेंडे, शॉटफायरर.
घरी आला की आधी अंगण, मग बादली, मग आम्ही.
एकदा मी विचारलं, बारूद म्हणजे आगच ना?
तो हात चोळत राहिला.
"कोयशात बारुदीपेक्षा जास्ती आग रायते, पोरी.
बारुदले फक्त घाई रायते."

पुढे मॉरिस कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून
तक्त्यात पाहिलं, तर खरंच :
किलोला किलो लावला तर कोळसा चार-पाचपट भरतो,
आईची ज्वारीची भाकरसुद्धा दुप्पट.
पण कोळशाला हवेची वाट पाहावी लागते.
भाकरीला तर आपल्या श्वासाची.
बारूद आपला प्राणवायू पदरात बांधूनच निघालेली,
तिला कुणासाठी थांबायचं नाही.
भोकातलं सगळं डोळ्याची पापणी हलायच्या आत वायू होतं,
वायूला जागा हवी,
खडक सरकत नाही,
म्हणून फुटतो.

तरी त्यात कुणी आपलं नाव सोडत नाही.
कार्बन कार्बनच, नत्र नत्रच.
जुन्या सोयरिकी मोडतात, नव्या जुळतात,
मधला देण्याघेण्याचा हिशेब उष्णतेत चुकता होतो.

काल नववी ब मध्ये हिमांगी कुमरे उभी राहिली.
तिची आई अमरावती रोडवरच्या कारखान्यात पेट्या भरते,
घरी काडेपेटीसुद्धा वरच्या फळीवर ठेवते म्हणे.
"मॅडम, अणुबॉम्ब म्हणजे खूप सारी बारूद का?"

नाही गं.
अणू कस्तुरचंद पार्कएवढा धर,
तर त्याचा गाभा म्हणजे मधोमध पडलेला एक फुटाणा.
बारुदीचं सगळं भांडण पार्कच्या कुंपणावर चालतं.
हे भांडण फुटाण्यातलं.
आत ब्याण्णव प्रोटॉन, एकमेकांना नकोसे,
तरी एका खोलीत घट्ट आवळून ठेवलेले.
बाहेरून एक न्यूट्रॉन येतो, ना याच्या बाजूचा ना त्याच्या,
आणि युरेनियम मग युरेनियम उरत नाही.
कुठे बेरियम होतो, कुठे क्रिप्टॉन,
कुळच बदलतं.
त्या गडबडीत आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात,
ते शेजारच्या खोल्यांची दारं शोधत जातात.

तुकडे पुन्हा तोलले तर बेरीज जुळत नाही.
थोडं वजन गेलेलं असतं. ते गेलं तेच तेज.
हिरोशिमावर गेलेलं वजन
एका शेंगदाण्याएवढं.

शेंगदाणा ऐकून वर्ग हसला.
कुमरे हसली नाही.
"त्याचा आवाज किती सेकंदांनी आला असंल, मॅडम?
म्हणजे जवळ असणाऱ्यांनी किती मोजले?"

मी खडू खाली ठेवला.
पाच, म्हणणार होते.
सवयीनं.

बाप आता मानेवाड्यात माझ्याकडे असतो.
डावा कान खाणीनं नेला, उजवा वयानं.
सत्तेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसून
तो पडद्याच्या खसखशीत हलण्याकडे पाहत राहतो.
भोंगा इथे नाही.
बरोब्बर दोनला मात्र
स्टीलच्या पेल्यावर तळहात ठेवतो, झाकणासारखा,
डोळे मिटतो.
मी सांगत नाही त्याला काही.

थोड्या वेळानं हात काढून
तो पाण्यात बघतो.